थंड झाल्यावर सुटणारे ब्रेक : एका मोटारीच्या निदानाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०१३ सालच्या एका लहान पेट्रोल मोटारीचे आहे. गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक होते, पेडलचा जोर वाढवणारा निर्वात बूस्टर होता, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नव्हते. गाडीचे मालक चोडण बेटावर राहणारे एक प्राथमिक शिक्षक असल्यामुळे या लेखात त्यांचा उल्लेख मास्तर असाच केला आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. दुरुस्तीशी संबंधित गोष्टी मात्र जशा समोर आल्या तशाच मांडल्या आहेत.

मास्तरांची गाडी कधी फेरीबोटीने रायबंदरला उतरून पणजीकडे जाई, तर कधी मयेमार्गे डिचोलीला येई. भरतीच्या वेळी फेरीत चढता-उतरताना धक्क्याच्या उतारावर चाके खाऱ्या पाण्यातून जातात. हे सांगण्याचे कारण असे की या खाऱ्या पाण्यामुळे गाडीत एक खरा पण दुय्यम दोष निर्माण झाला होता आणि त्याच दोषाने बराच काळ सर्वांचे लक्ष भलतीकडे वळवून ठेवले होते.

तक्रार

तक्रार वरवर साधी वाटत होती: गाडी चालता चालता जड होते, ॲक्सिलरेटर सोडला की ब्रेक दाबल्यासारखी थांबते, पुढच्या चाकांकडून जळका वास येतो आणि ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट लागते. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की सारे पूर्ववत होते. असे रोज होत नव्हते. कधी आठवडा निर्वेध जाई, तर कधी सलग दोन दिवस त्रास होई. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे वाहनांची रांग लागली की हा त्रास हमखास होतो, असे मास्तरांचे निरीक्षण होते. मोकळ्या रस्त्यावर तो क्वचितच होई.

एकदा बेळगावहून चोर्ला घाटाने उतरत असताना केरीच्या अलीकडे पुढची दोन्ही चाके धुरू लागली. रस्त्यावरच्या कोणीतरी बादलीभर पाणी ओतण्याचा सल्ला दिला, परंतु मास्तरांनी तो सुदैवाने मानला नाही. तापून लाल होण्याच्या बेतात असलेल्या बिडाच्या डिस्कवर थंड पाणी पडले तर ती वाकू किंवा तडकू शकते. अशा वेळी गाडी सपाट जागी थांबवावी, गियरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत आणि ती आपोआप थंड होऊ द्यावी. हँडब्रेकही ओढू नये, कारण मागचे ड्रमही त्या वेळी तापलेले असतात.

आमच्याकडे येण्यापूर्वीचे उपाय

गाडी आमच्या डिचोलीच्या गॅरेजमध्ये येण्यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी तिचे बरेच काम झाले होते. डिस्कला दाबून धरणारे पुढचे पॅड बदलले होते. डाव्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना गंजून घट्ट झालेल्या आढळल्या म्हणून त्या साफ करून बसवल्या होत्या आणि तरीही त्रास थांबेना, तेव्हा डावा कॅलिपरच नवा घातला होता. त्यानंतर गाडी काही दिवस चांगली चालली आणि पुन्हा जाम झाली. पुढची सूचना मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलमध्ये दाब तयार करणारा भाग), बूस्टर आणि सर्व रबरी होज (चाकांकडे जाणाऱ्या लवचिक नळ्या) एकदमच बदलण्याची होती. मास्तर या खर्चाला जवळजवळ तयार झाले होते.

त्या गॅरेजमध्ये घडलेली एक गोष्ट मास्तरांनी सहज बोलता बोलता सांगितली. गाडी जाम असताना फिटरने डाव्या कॅलिपरचे निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढण्याची तोटी) पान्याने सैल केले, तेव्हा ब्रेक ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक तत्क्षणी मोकळे झाले. त्यावरून कॅलिपर खराब असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. वस्तुतः ती पिचकारी नेमके उलट सांगत होती. कॅलिपर गंजाने किंवा अडकलेल्या पिस्टनमुळे धरून राहिला असता, तर निपल उघडल्यावर ऑइल जेमतेम पाझरले असते आणि चाक घट्टच राहिले असते. पिचकारी उडाली याचा अर्थ कॅलिपर स्वतः धरत नव्हता, नळीत अडकून राहिलेला दाब त्याला धरायला लावत होता. तो दाब परत का जात नाही, हा या प्रकरणातला खरा प्रश्न होता.

दाब परत जाण्याची वाट

निदानाचा सारा भर ज्या रचनेवर होता, ती येथे थोडक्यात मांडणे आवश्यक आहे. पेडल दाबल्यावर बूस्टरमधील दांडा मास्टर सिलिंडरचा पिस्टन पुढे ढकलतो. पिस्टन पूर्ण मागे असताना त्याच्या रबरी कपाच्या किंचित पुढे एक बारीक छिद्र उघडे असते आणि त्यातून नळ्यांमधील ऑइलचा टाकीशी संबंध राहतो. पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर पुढे सरकला की कप ते छिद्र झाकतो आणि दाब तयार होऊ लागतो. पेडल सोडल्यावर पिस्टन मूळ जागी आला, तरच छिद्र पुन्हा उघडते आणि जादा ऑइल टाकीत परत जाते.

पिस्टन शेवटचा तो एक मिलिमीटर मागे आलाच नाही तर काय होते? ऑइल तापून प्रसरण पावते, पण त्याला जायला वाट नसते, म्हणून पॅड डिस्कला टेकतात. घर्षणाने उष्णता वाढते, ऑइल आणखी प्रसरण पावते आणि पॅड आणखी घट्ट बसतात. शिवाय दर वेळी पेडल सुटताना पिस्टनच्या कडेने टाकीतील थोडे ऑइल पुढे झिरपते. ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते. एरवी ते जादा ऑइल त्या छिद्रातून परत जाते, पण छिद्र झाकलेले असेल तर प्रत्येक दाबागणिक नळीतील ऑइल वाढत जाते. पर्वरीच्या रांगेत गाडी जाम होते आणि मोकळ्या रस्त्यावर होत नाही, याचा उलगडा येथे होतो: रांगेत पेडल क्षणाक्षणाला दाबले जाते. थंड झाल्यावर ऑइल आकसते आणि ब्रेक आपोआप सुटतात. नंतर पाहायला गेले तर सारे ठीकच दिसते.

विचारात घेतलेल्या शक्यता

एकच चाक धरत असेल, तर संशय कॅलिपरचा पिस्टन, सरकत्या पिना किंवा त्या चाकाची रबरी होज यांवर जातो. होज आतून फुगून बंद झाली, तर पेडलचा जोर ऑइल पुढे ढकलतो, पण परतीच्या वेळी ते अडते. मागची दोनच चाके धरत असतील, तर हँडब्रेकची गंजलेली केबल आधी पाहावी. गोव्यातल्या पावसाळ्यात हँडब्रेक ओढून आठवडाभर उभ्या ठेवलेल्या गाडीत हा दोष नेहमीचाच असतो. चारही चाके धरत असतील, तर दोष मास्टर सिलिंडरमध्ये किंवा त्याच्या मागे, म्हणजे बूस्टर, दांडा वा पेडल यांत असणार.

चारही चाकांच्या बाबतीत आणखी एक शक्यता गंभीर असते. ब्रेक ऑइलच्या टाकीत कोणी चुकून इंजिन ऑइल किंवा इतर खनिज तेल घातले, तर मास्टर सिलिंडरचे कप फुगतात आणि छिद्र झाकतात. तसे असेल, तर रबराचा एकूण एक भाग बदलण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून आम्ही आधी टाकीच्या झाकणाचे रबर पाहिले. ते सपाट आणि घट्ट होते, कुठेही फुगलेले नव्हते. ऑइल काळपट होते, पण त्यावर तेलाचा तवंग नव्हता. ही भीती तेथेच मिटली.

पहिला निर्णय : सुटलेली गाडी उघडायची नाही

गाडी आमच्याकडे आली तेव्हा ब्रेक मोकळे होते. अशा वेळी हाताशी असलेली पाने काढून एकेक भाग उघडण्याचा मोह होतो आणि ग्राहकालाही काम चालू झाल्याचे समाधान मिळते. आम्ही ते टाळले. येऊन-जाऊन होणारा दोष तो नसताना शोधायला गेले, तर जे जे जुने दिसते ते ते दोषी वाटते, आणि अकरा-बारा वर्षे खाऱ्या हवेत वावरलेल्या गाडीत जुने काय दिसणार नाही?

मास्तरांना गाडी परत देऊन “जाम झाली की तिथूनच फोन करा” असे सांगणे हा एक पर्याय होता. तो आम्हांला धोक्याचा वाटला. तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइलला उकळी फुटली की पेडल एकाएकी खाली जाते. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलचा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. आधी न सुटणारे आणि मग न लागणारे ब्रेक घेऊन कोणालाही घाट उतरायला सांगता येत नाही. म्हणून गाडी ठेवून घेतली. मास्तर ते दिवस फेरी आणि बसने गेले. आम्ही अवजारे, जॅक, चाकांना लावायचे गुटके आणि दुरून तापमान मोजणारे यंत्र डिकीत घालून डिचोली-साखळी रस्त्याच्या कमी वर्दळीच्या भागात, थांबत-निघत, ब्रेक वारंवार दाबत गाडी चालवली.

दुसरा निर्णय : पेडलकडून चाकाकडे

गाडी जाम झाल्यावर तपासणीचा क्रम काय असावा, हे आम्ही आधीच ठरवून ठेवले होते, कारण येथे पुरावा एकदाच मिळतो. निपल उघडले की दाब जातो, मग तो कॅलिपरजवळ, होजमध्ये, मास्टर सिलिंडरमध्ये किंवा पेडलपाशी, कुठेही अडकलेला असो. म्हणजे चाकाकडून सुरुवात केली तर ब्रेक सुटतात पण दोषाची जागा कळत नाही. पेडलकडून सुरुवात केली, तर ज्या पायरीला ब्रेक सुटतात ती पायरीच दोषाची जागा दाखवते. म्हणून क्रम असा ठरला: प्रथम बूस्टर, मग पेडल, त्यानंतर मास्टर सिलिंडरचे नट, मग त्याच्या नळ्या आणि अगदी शेवटी निपल.

गाडी जड झाल्याचे जाणवताच सपाट जागी थांबून गुटके लावले. पुढची दोन्ही चाके सारखीच तापली होती आणि मागचे ड्रम त्यांच्या मानाने कमी, पण तेही दोन्ही सारखेच. ड्रमला आतून घासणारे शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा थोडाफार अडकलेला दाब पेलतात, म्हणून मागची चाके कमी धरतात. या एका मोजणीनेच डावा कॅलिपर, त्याच्या पिना आणि त्याची होज मुख्य कारण नाहीत हे सिद्ध झाले. हात जवळ नेऊनही ही तुलना करता येते, त्यासाठी यंत्र लागतेच असे नाही. चारही चाकांपाशी जाणे मात्र लागते. येथे आधी फक्त डावीकडेच पाहिले गेले होते, कारण डावीकडे गंज दिसत होता.

मग इंजिन बंद करून बूस्टरची निर्वात नळी काढली. बूस्टरची आतली झडप गळून तो आपोआप ब्रेक लावत असता, तर नळी काढल्यावर दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा होऊन ब्रेक सुटले असते. ते सुटले नाहीत. एक महागडा भाग तेथेच निर्दोष ठरला.

आता पेडल. ते उंच आणि घट्ट होते आणि बोटाने हलवले तर त्यात मोकळी हालचाल अजिबात नव्हती. आमच्या मदतनिसाने डॅशबोर्डखाली पाठीवर आडवे होऊन टॉर्च मारली. पेडलच्या दांड्याच्या वरच्या टोकाशी ब्रेक लाइटचा स्विच आटेदार बैठकीत बसवलेला असतो आणि पेडल परत येते तेव्हा दांड्यावरची प्लास्टिकची लहान गोटी स्विचची पिन आत दाबते. येथे ती गोटी नव्हती. तिच्या जागी सायकलच्या ट्यूबचा वाटावा असा रबराचा तुकडा एका कडेने चिकटवलेला होता. त्याची सुटी कड दुमडून स्विच आणि दांडा यांच्या मध्ये अडकली होती. एरवी एकेरी राहणारे रबर त्या क्षणी दुहेरी झाले होते आणि तेवढ्या जाडीने पेडल पुढे रेटून धरले होते.

तुकडा ओढून काढण्याची घाई न करता आधी स्विचच्या आट्यांवर खूण केली, छायाचित्र घेतले आणि मग लॉक नट सैल करून स्विच सावकाश मागे फिरवला. पेडल हलकेच वर आले. पुढच्या चाकापाशी बसलेल्याने हाक दिली, “सुटलं!” मास्टर सिलिंडरच्या नटांना हात लावावाच लागला नाही.

खात्री

एकदा सुटले म्हणजे कारण सापडले, असे मानणे या दोषात धोक्याचे असते, कारण थंड होऊनही ते सुटतात. म्हणून गॅरेजच्या आवारात उलट बाजूनेही तपासणी केली. टाकीचे झाकण उघडून एकाने पेडल अगदी अलगद दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने टाकीतील ऑइल पाहायचे. छिद्र उघडे असेल, तर पेडलच्या पहिल्या हालचालीबरोबर ऑइलवर बारीक कारंजे किंवा लहर उठते. स्विच मागे घेतलेला असताना लहर स्पष्ट दिसली. रबर दुमडून स्विच जुन्या खुणेवर आणला की लहर नाहीशी झाली, आणि रबर सपाट करताच ती पुन्हा दिसू लागली, पण क्षीण. रबर सपाट असतानाही छिद्र जेमतेमच उघडे राहत होते, असा याचा अर्थ. दोष कधी येई आणि कधी जाई, ते या दुमडीवर अवलंबून होते.

मग मास्तरांना पुन्हा विचारले. ब्रेकचे काही काम झाले होते का, या आमच्या पहिल्या प्रश्नाला त्यांनी प्रामाणिकपणे नकार दिला होता. या वेळी प्रश्न बदलला: “मास्तर, पेडलांच्या आसपास कोणी कसलेही काम केले होते का? लाइट, म्युझिक, मॅट, काहीही?” तेव्हा त्यांना आठवले की चतुर्थीच्या आधी मागचे ब्रेक लाइट सतत पेटून राहत होते, बॅटरी उतरली होती आणि रस्त्यातल्या एका इलेक्ट्रिशियनने ते पाचेक मिनिटांत बंद करून दिले होते. गोटी झिजून तुटली की स्विचची पिन मोकळी राहते आणि लाइट पेटतच राहतात. इलेक्ट्रिशियनने गोटीऐवजी रबर चिकटवले आणि पिन दाबली जावी म्हणून स्विच आणखी आत फिरवला. लाइट विझले, त्यामुळे काम झाले असे सर्वांनाच वाटले. ब्रेक लाइटचे काम हे ब्रेकचेच काम असते, ही गोष्ट कोणाच्याही ध्यानात आली नाही.

दुरुस्ती आणि परिणाम

गाडीच्या बनावटीची योग्य गोटी बसवली. पेडल पूर्ण मागे आल्यावर स्विचचा आटेदार भाग आणि दांडा यांच्यात पुस्तिकेत दिलेली फट ठेवून लॉक नट आवळला. ब्रेक ऑइल अनेकदा तापलेले असल्याने ते पूर्ण बदलले. पुढचे नवेच घातलेले पॅड काचेसारखे चकचकीत झाले होते, तेही नाइलाजाने बदलावे लागले. डिस्कची जाडी आणि फिरतानाची डगमग मर्यादेत होती. पुढच्या चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीसही एवढ्या उष्णतेने बिघडू शकते, म्हणून आवाज ऐकून आणि चाक हलवून ती तपासली. उजव्या कॅलिपरच्या पिनांवर डावीकडच्याइतका नसला तरी गंज होता. त्या साफ करून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावले. साधे ग्रीस तेथे वापरू नये, त्याने पिनांवरची रबरे फुगतात.

त्यानंतर गाडी त्याच रस्त्याने, तशीच थांबत-निघत चालवली आणि नंतर मास्तरांसह केरीपासून चोर्ला घाटात वर जाऊन खाली आणली. सपाट रस्त्यावर गियर काढल्यावर ती मोकळी घरंगळत होती आणि चाकांचे तापमान दोन्ही बाजूंना सारखे राहिले. पर्वरीच्या रांगेतून मास्तर पुढेही जात राहिले आणि त्यांची तक्रार परत आली नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्तात हे प्रकरण त्या पहिल्या पाच मिनिटांतच मिटले असते. तुटलेली प्लास्टिकची गोटी किरकोळ किमतीत मिळते, आणि ती त्या वेळी हाताशी नव्हती, तर लाइटचा फ्यूज काढून गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापेक्षा स्विचची जोडणी तात्पुरती सोडवून, मागे दुसरे वाहन ठेवून ती सावकाश आणणे अधिक योग्य ठरले असते, कारण एकाच फ्यूजवर इतर दिवेही असू शकतात. पेडलच्या परतीच्या मार्गात चिकटवलेली वस्तू ठेवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत स्वीकारार्ह नाही.

दुसऱ्या गॅरेजमधील कामाकडे पाहताना एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. तेथे सापडलेला गंज खरा होता, पिना खरोखरच अडकत होत्या आणि त्या साफ करणे आवश्यकच होते. अडचण अशी झाली की एक खरा दोष सापडल्यावर तोच तक्रारीचे कारण आहे असे गृहीत धरले गेले, आणि तो दोष दूर केल्यावरही तक्रार राहिली तेव्हा गृहीतक बदलण्याऐवजी त्याच चाकाचा आणखी एक भाग बदलला गेला. पिनांमुळे एका चाकाचे दोन पॅड कमी-जास्त झिजतात. चारही चाके तापत नाहीत. काढलेले जुने पॅड मास्तरांनी मागून ठेवले असते, तर डाव्या आणि उजव्या चाकांच्या पॅडच्या सारख्या झिजेवरूनही हे दिसले असते.

टाकीतील लहर पाहण्याची तपासणी अगदी सुरुवातीला केली असती, तर काय झाले असते, हाही प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे. रबर त्या वेळी सपाट असते, तर क्षीण का होईना लहर दिसली असती आणि मास्टर सिलिंडर ठीक आहे असे वाटून तपास पुन्हा चाकांकडे वळण्याची शक्यता होती. म्हणून लहर दिसली नाही तर ते महत्त्वाचे मानावे. दिसली तर तेवढ्यावर विसंबू नये, दोष हजर असताना ती पुन्हा पाहावी. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांच्या मास्टर सिलिंडरमध्ये बारीक छिद्राऐवजी पिस्टनच्या मध्ये बसवलेली झडप असते आणि तेथे ही लहर दिसेलच असे नाही. अशा गाडीत पेडलची मोकळी हालचाल आधी मोजावी, स्विचची बैठक पाहावी, आणि नळ्या सोडवण्याची वेळ आलीच तर नंतर हवा काढण्यासाठी त्या गाडीला कोणते उपकरण लागते, याची चौकशी पाना हातात घेण्यापूर्वी करावी.